व्हीए हॉस्पिटलमधला सर्जन: घराला आणि छंदाला वेळ खरंच मिळतो का?

जाईजुई:
भाचीची जनरल सर्जरीची रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) अमेरिकेत पुढच्या जूनमध्ये संपते आहे. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत: एक खासगी ग्रुप आणि दुसरं व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल. खासगीत पगार बराच जास्त आहे. मूल दोन वर्षांचं, नवऱ्याची नोकरी त्याच शहरात. तिला लाकूडकामाची मनापासून आवड आहे, गॅरेजमध्ये लेथ (लाकूड फिरवत ठेवून घडवायचं यंत्र) मांडायचा आहे. 'व्हीएचा सर्जन पाचला घरी' असं जो तो सांगतो. यात खरं किती? सही करण्याआधी काय काय विचारून घ्यावं? माहितगारांनी नक्की लिहा.

रानवाटा:
निम्मं खरं आहे. पूर्णवेळ डॉक्टरचे तास दोन आठवड्यांना ८० असे धरतात, पण नियमाने तो चोवीस तास, सातही दिवस उपलब्ध मानला जातो. रात्री दोनला फुटलेलं अपेंडिक्स काढलं तरी ओव्हरटाइम नाही. म्हणून पहिला प्रश्न पगाराचा नको. कॉलच्या पाळीत (रात्री-सुट्टीला गरज लागली तर धावून जाण्याच्या) आज प्रत्यक्ष किती सर्जन आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत, ते विचारा. चौघं असतील तर दर चौथी रात्र आणि दर चौथा शनिवार-रविवार. एक जण सोडून गेला की दर तिसरी, आणि सरकारी भरतीला कित्येक महिने जातात. दुसरा प्रश्न, रात्री रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, असतात का? विद्यापीठाशी जोडलेल्या व्हीएत पेशंटला आधी रेसिडेंट बघतो. ते नसतील तर नाकातली नळी निघाली तरी फोन तिलाच.

पाचला निघता येणं हे ऑपरेशन थिएटरवर ठरतं. बऱ्याच व्हीएंमध्ये नर्सिंगची दिवसपाळी दुपारी साडेतीनच्या सुमारास संपते आणि त्यापुढे जाईल अशी नियोजित केस सुरूच करत नाहीत. सकाळची पहिली केस पाऊण तास लांबली की दिवसातली शेवटची रद्द होते. इथले पेशंट बहुतेक वयस्क, मधुमेह आणि सिगारेटचा जुना इतिहास असलेले, लांबून येणारे. रक्त पातळ करणारी गोळी बंद केलेली नसते, साखर चढलेली असते, घरी न्यायला माणूस नसतो. मग संध्याकाळ फोनाफोनीत जाते. आठवडाभर आधी प्री-ऑप (ऑपरेशनपूर्व तपासणीच्या) क्लिनिकमध्ये नर्सने ही तिन्ही प्रकरणं तपासण्याची पद्धत असेल, तर तिथला सर्जन वेळेवर घरी जातो. भेटीला जाईल तेव्हा तिने थिएटरच्या मुख्य नर्सशी दहा मिनिटं बोलावं. विभागप्रमुख सांगणार नाहीत ते तिथे कळतं.

सुट्ट्या मात्र खरोखर चांगल्या आहेत. वर्षाला २६ दिवस रजा, १३ दिवस आजारपणाची, शिवाय ११ सरकारी सुट्ट्या. फक्त ओपीडी बंद ठेवायची तर साधारण दीड महिना आधी कळवावं लागतं, म्हणजे शाळेचं कॅलेंडर हातात आलं की लगेच रजा टाकायची. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर १२ आठवडे पगारी पालकरजा मिळते, पण त्याआधी नोकरीचे १२ महिने भरलेले हवेत आणि परतल्यावर १२ आठवडे काम करण्याचं लिहून द्यावं लागतं.

हिशेबनीस:
पगाराची तुलना करताना पेन्शन धरल्याशिवाय आकडा खरा नाही. सूत्र सोपं आहे: सर्वांत जास्त पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी × नोकरीची वर्षं × १ टक्का. वय ६२ आणि नोकरी २० वर्षं असेल तर १.१ टक्का. सरासरी ३ लाख डॉलर आणि नोकरी ३० वर्षं धरली तर वर्षाला ९९ हजार. या सरासरीत मूळ पगार आणि मार्केट पे (बाजारभावानुसार मूळ पगारावर मिळणारी रक्कम) धरतात, परफॉर्मन्स पे (कामगिरीचा बोनस) धरत नाहीत. म्हणून घासाघीस करायची तर मार्केट पेवर. तो एकदा ठरला की पुढे वाढवून घेणं जड जातं. नव्या माणसाचे पेन्शनसाठी पगारातून ४.४ टक्के कापले जातात. टीएसपीत (सरकारी नोकरांच्या निवृत्ती बचत योजनेत) ५ टक्के भरले की सरकार ५ टक्के घालतं, ते पहिल्या दिवसापासून भरावेत.

घरच्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं: निवृत्तीच्या लगेच आधीची सलग ५ वर्षं सरकारी आरोग्य विमा असेल तर तो पुढे आयुष्यभर चालू राहतो. पण निवृत्त होताना जोडीदारासाठी पेन्शनचा हिस्सा ठेवला नाही, तर पश्चात जोडीदाराचा विमाही जातो. अर्धा हिस्सा ठेवला तर स्वतःची पेन्शन १० टक्क्यांनी कमी होते. हे पैसे वाचवू नयेत.

मालप्रॅक्टिसचा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांचा) विमा काढावा लागत नाही, खटला सरकारवर होतो. बाहेर कुठे जादा ड्यूटी केली तर ते संरक्षण तिथे नाही.

रंधा:
लेथबद्दल लिहितो, कारण सर्जनच्या हाताला इथला छोटासा घावही महाग पडतो. बोटावर उघडी जखम असेल तर स्क्रब (ऑपरेशनआधी हात घासून निर्जंतुक) करता येत नाही, यादी पुढे ढकलावी लागते. म्हणून थिएटरच्या आदल्या दिवशी धारदार हत्याराला हात लावायचा नाही. लेथ शुक्रवारी संध्याकाळी.

हातमोजे घालायचेच नाहीत. फिरत्या लाकडात मोज्याचा धागा अडकला की बोट आत ओढलं जातं. अंगठी काढायची, बाह्या कोपरापर्यंत. चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल हवी. वेगाचा आडाखा असा: व्यास इंचांत × फेरे मिनिटाला = ६००० ते ९०००. दहा इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ठोकळा असेल तर त्याहून कमीवर सुरुवात. टूल-रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून जेमतेम ३ मिलिमीटरवर, आणि बटण दाबण्याआधी एक फेरा हाताने फिरवून बघायचा. वाडग्याला बोल-गाउजच (वाडग्यासाठीची पन्हळी पटाशी) वापरायचं. स्पिंडल रफिंग गाउज (लांब दांडे सोलायची रुंद पटाशी) वाडग्यावर चालवलं की त्याची मुठीत बसवलेली बारीक शेपटी मोडते आणि पातं अंगावर येतं. नवशिक्यांचे गंभीर अपघात यात होतात. सँडिंगला टूल-रेस्ट बाजूला काढून ठेवायची.

शिसवासारख्या लाकडाच्या धुळीने आणि इपॉक्सीने त्वचेला ॲलर्जी जडू शकते, आणि ती जन्माची असते. दिवसातून अनेकदा हात घासणाऱ्याने ती ओढवून घेऊ नये. मेपल, चेरी घ्या, धूळ ओढणारं यंत्र लावा, पॉलिशला नायट्राइलचे मोजे घाला (लेथ बंद असताना). टेबल-सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) घ्यायचाच तर बोट लागताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारा. एअरलेस स्प्रेगनसमोर बोट कधीच नको: जखम टाचणीएवढी दिसते, पण रंग दाबाने आत हातभर पसरलेला असतो आणि काही तासांत ऑपरेशन लागतं.

आणि 'स्वतःच्या व्यवसायापुरता' (सर्जरी करता येईनाशी झाली की पैसे देणारा) अपंगत्व विमा रेसिडेन्सी संपण्याआधीच काढा. सरकारी अपंगत्व पेन्शन १८ महिन्यांच्या नोकरीनंतर लागू होते आणि पहिल्या वर्षी तीन वर्षांच्या पगाराच्या सरासरीच्या ६० टक्के, मग ४० टक्के. त्यातूनही सोशल सिक्युरिटीची (सर्वांसाठीच्या सरकारी निवृत्ती-अपंगत्व योजनेची) वजावट होते.

वाटसरू:
हाताला काम किती मिळेल तेही विचारा. काही व्हीएंमध्ये केसेस कमी असतात आणि अवघड ऑपरेशनं मोठ्या केंद्राकडे पाठवतात. प्रत्येक व्हीएला शस्त्रक्रियेची ठरलेली पातळी असते, ती विचारायची, आणि मागच्या वर्षी तिच्या जागेवरच्या सर्जनने कोणत्या केसेस किती केल्या याची यादी मागायची. कामाचा दर्जा कमी असतो हा समज मात्र चुकीचा. बफेलोच्या व्हीएचे शल्यप्रमुख विल्यम चार्डॅक यांनी १९६० मध्ये पूर्णपणे शरीराच्या आत बसणारे पेसमेकर पेशंटना बसवले, आणि ते विल्सन ग्रेटबॅच या इंजिनियरने घरामागच्या गोठ्यातल्या वर्कशॉपमध्ये हाताने जुळवले होते. आज जगभर शस्त्रक्रियेचे निकाल मोजायची जी एनएसक्यूआयपी पद्धत वापरतात, तीही व्हीएतच जन्मली.

जाईजुई:
सगळ्यांचे आभार, कागदावर उतरवून घेतलं. एक राहिलं: ती जे-१ व्हिसावर (परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या) आहे.

रानवाटा:
मग हे सर्वांत आधी. या व्हिसाची, प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट माफ व्हावी म्हणून व्हीए स्वतः शिफारस करू शकतं. त्यासाठी राज्याच्या कॉनराड कोट्यात (अशा माफीच्या दर राज्याला मिळणाऱ्या मोजक्या जागांत) नंबर लावावा लागत नाही. बदल्यात ३ वर्षं पूर्णवेळ काम. पण पात्र अमेरिकन नागरिक मिळाला नाही, हे हॉस्पिटलला जाहिरातींच्या पुराव्यानिशी दाखवावं लागतं, आणि नागरिक नसलेल्याची नेमणूक कायम स्वरूपाची नसते. एचआरने याआधी अशी फाइल केली आहे का, हे ईमेलवर लेखी घ्या. केली नसेल तर इमिग्रेशनचा वकील या महिन्यातच गाठा, जूनसाठी आता उशीर परवडणार नाही.