१०६६ : नॉर्मन आरमार नेमकं कुठे लागलं, हे शोधायचं कसं?

प्रश्न
२८ सप्टेंबर १०६६ला इंग्लंडवर चालून आलेल्या नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमची जहाजं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेव्हन्सीला लागली, असं वाचायला मिळतं. आज तिथला किल्ला समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत आहे. लायडारने (विमानातून लेझरने) मोजलेली जमिनीची उंची क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन पाण्याची पातळी चढवली, तर किल्ल्याभोवतीची अख्खी दलदल बुडते. तेव्हाचा किनारा ओळखायचा कसा?

प्रतिसाद १
लायडार दाखवतं ती आजची जमीन. बांध घालून पाणी उपसल्यावर पीट (कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि चिखल आकसून खाली बसले, तर कुठे नंतरचा गाळ वर साचला. दोन्ही चुका एकमेकींच्या उलट, त्यामुळे सरसकट एक आकडा वजा करून भागत नाही.

किल्ल्याच्या उंचवट्यापासून दलदलीकडे एका रेषेत ऑगरने (जमिनीत छिद्र पाडायच्या गिरमिटाने) मातीचे नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक थराची उंची ऑर्डनन्स डेटमला (ब्रिटनमधल्या उंची मोजायच्या प्रमाण पातळीला) बांधून घ्या, नाहीतर दोन छिद्रं जुळवता येत नाहीत. थर खाऱ्या पाण्यातला की गोड्या, हे त्यातले डायटम (सूक्ष्म शैवाल) सांगतात. थराचं वय काढणाऱ्या रेडिओकार्बनकडून मात्र फार मागू नका. तो शतकभराचा पट्टा देतो, १०६६ हे साल नाही.

गावांची नावंही बघा. दलदलीतल्या हॉर्स आय, नॉर्दाय यांतला शेवट म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘बेट’. पेव्हन्सीचा शेवट मात्र नदीवाचक शब्दातून आला असं मानतात, त्याला बेटांच्या यादीत घालू नका.

प्रतिसाद २
भरतीचं गणित करताना तारीख सांभाळा. २८ सप्टेंबर ही ज्युलियन (तेव्हाच्या) कॅलेंडरची तारीख, ग्रेगरियन (आजचं) धरलं तर ४ ऑक्टोबर. सॉफ्टवेअरने ती ग्रेगरियन समजून घेतली तर ६ दिवस चुकतात, आणि उधाण (सगळ्यात मोठी भरती) ते भांग (सगळ्यात लहान) हे अंतरच साधारण ७ दिवसांचं. म्हणजे उत्तर जवळजवळ उलटं येतं!

जहाजांसाठी खोल बंदर शोधू नका. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डेजवळ सापडलेलं ११व्या शतकातलं स्कुल्डेलेव्ह ५ हे १७ मीटर लांबीचं जहाज जेमतेम ०.६ मीटर पाण्यात तरंगतं. उताराचा, घट्ट तळाचा किनारा हवा. मऊ चिखलात घोडे उतरवणं अवघड.

प्रतिसाद ३
इतिहासाच्या लिखित साधनांतही मेळ नाही. अँग्लो-सॅक्सन बखरीची (जुन्या इंग्रजीतल्या वर्षवार नोंदींची) ‘डी’ प्रत पेव्हन्सी म्हणते, ‘ई’ प्रत जवळचं हेस्टिंग्ज. या स्वारीची चित्रकथा सांगणाऱ्या बायोच्या भरतकामावर पेव्हन्सी आहे. सैन्य नंतर हेस्टिंग्जला गेलं, त्यामुळे ‘ई’ने पुढचा मुक्काम नोंदवला असावा असं मला वाटतं. शेकडो जहाजं एका टिंबावर मावत नाहीत, तेव्हा नकाशावर पट्टाच आखा.

जहाजाच्या फळ्या जोडणारे लोखंडी रिव्हेट (खिळे) सापडले तरी घाई नको, तसे शतकानुशतकं वापरात होते. आणि किल्ल्याच्या संरक्षित आवारात परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं ब्रिटनच्या १९७९च्या प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे.