विषय: चर्चच्या मदत-तुकडीसोबत नॉर्थ कॅरोलिनात जाण्याबाबत

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सप्रेम नमस्कार मंडळी,

हेलीन चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिम भागात घरदुरुस्तीसाठी आपल्या भागातील एका चर्चची तुकडी आठवडाभर जात असून तिने मंडळाच्या सभासदांनाही आमंत्रण दिले आहे. कार्यकारिणीत यावर दोन मते पडली. काहींना त्यात धर्मप्रसाराची शंका येते, तर काहींचा प्रश्न असा की, आपणच कपडे आणि ब्लँकेटे गोळा करून बस का नेऊ नये? अशा कामाचा अनुभव असलेल्या सभासदांनी आपले मत सविस्तर कळवावे, ही विनंती.

प्रेषक: एक सभासद

सचिव महोदय, स. न.

मी यापूर्वी अशा तुकड्यांबरोबर काम केले आहे. माझे मत असे की, जावे आणि त्यांच्याबरोबरच जावे.

आधी बसविषयी. वादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी आधीच पावसाने भिजलेल्या डोंगरांवर कोसळले. नद्यांनी रस्ते, पूल आणि जलवाहिन्या वाहून नेल्या. अ‍ॅशव्हिल शहराचे नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याचे १८ नोव्हेंबरला जाहीर झाले. अशा ठिकाणी न बोलावता गेलेली बस स्थानिकांच्या निवाऱ्यावर, पाण्यावर आणि वेळेवर भार टाकते. जुन्या कपड्यांचे तर विचारूच नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, आणि वर ते निवडण्यासाठी माणसे गुंतवावी लागली. द्यायचेच असेल तर पैसे द्यावेत. आपली कपाटे रिकामी करायला दुसरा मुहूर्त शोधावा.

याउलट धार्मिक संस्थांकडे मुक्कामाची जागा, अवजारे, विमा आणि मुख्य म्हणजे चिकाटी असते. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस ही संस्था १९५० पासून हेच काम करीत आहे. बातम्यांचा ओघ आटल्यावर घरे पुन्हा उभारणे हा तिच्या कामाचा मोठा भाग आहे. हे केवळ ख्रिस्ती लोकांचे वैशिष्ट्य नव्हे. तैवानमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या त्सू ची या बौद्ध संस्थेने सँडी वादळानंतर न्यूयॉर्क परिसरात रोख रकमेची कार्डे वाटली होती, आणि १९९९ मध्ये स्थापन झालेली खालसा एड ही शीख संस्था आपत्तीच्या जागी लंगर चालवते.

प्रत्यक्ष काम मात्र नीरस आहे, हे आधीच सांगतो. पूर आलेल्या घरात ‘मड-आउट’ करायचे, म्हणजे चिखल उपसायचा, भिजलेले सामान बाहेर काढायचे, पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) कापायचे, आतले इन्सुलेशन (थंडी रोखणारा थर) ओढून काढायचे आणि लाकडी चौकट सुकू द्यायची. चौकटीत ओल असताना नवी भिंत चढवली तर आत बुरशी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ओलावा मोजणारे यंत्र ‘हो’ म्हणेपर्यंत थांबावेच लागते. घर १९७८ च्या आधीचे असेल तर रंगात शिसे असण्याची शक्यता असते, तेव्हा तुकडीप्रमुखाने सांगितल्याशिवाय भिंत घासू नये. सामान रस्त्यावर टाकण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि छायाचित्रे काढावीत, कारण पुढची मदत पुष्कळदा त्या पुराव्यावर अवलंबून असते. त्या डोंगराळ भागात फार थोड्या घरांना पूर विमा होता आणि फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-साहाय्य संस्थेच्या घरासाठीच्या साहाय्याची कमाल मर्यादा ४२,५०० डॉलर होती. तेवढ्या पैशात घर पुन्हा उभे करायचे तर मजुरी फुकट मिळणे ही चैन नाही. दिवसअखेरीस प्रत्येकाने आपले तासही लिहून द्यावेत. आपल्याला ते कारकुनी वाटते, पण सरकारी मदतीत स्थानिक प्रशासनाने उचलायच्या खर्चाच्या वाट्यात या तासांचे मूल्य धरता येते.

प्रेषक: एक सभासद (कार्यकारिणी सदस्या)

नमस्कार,

आपण दिलेली माहिती उपयुक्त आहे, परंतु माझी मूळ शंका तशीच राहिली. काही संस्था काम संपल्यावर घरमालकाबरोबर प्रार्थना करतात आणि त्याला बायबल भेट देतात. प्रार्थनेच्या त्या वर्तुळात उभे राहून आपण काय करायचे? आणि संकटातल्या माणसाला नकार देणे अवघड असते, हे आपल्याला मान्य आहे ना?

प्रेषक: एक सभासद

आदरणीय ताई,

मान्य आहे, आणि म्हणूनच मी प्रश्नाचे दोन भाग करतो. आपल्यापुरते उत्तर सोपे आहे. निघण्यापूर्वी समन्वयकाला सरळ विचारावे की, सकाळच्या प्रार्थनेला उपस्थित राहणे सक्तीचे आहे का आणि श्रद्धेविषयी एखाद्या निवेदनावर सही करावी लागते का. सही लागत असेल तर त्या तुकडीत जाऊ नये. मनात नसलेले लिहून देणे हा त्यांच्याशीही अप्रामाणिकपणा ठरेल. सक्ती नसेल तर प्रार्थनेच्या वेळी शांतपणे उभे राहावे किंवा अवजारे आवरायला घ्यावीत. मला त्यावरून कोणी कधी टोकले नाही.

घरमालकाचा भाग अधिक नाजूक आहे. रेड क्रॉस, रेड क्रेसेंट आणि स्वयंसेवी संस्थांसाठीच्या १९९४ च्या आचारसंहितेत मदत केवळ गरजेनुसार द्यावी आणि कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी ती वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा माझी कसोटी अशी: घरांचा क्रम कशावरून लागतो आणि प्रार्थनेला ‘नको’ म्हणणाऱ्याचे काम तितकेच पुरे होते का? या दोन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर काम झाल्यावर विचारून केलेली प्रार्थना मला आक्षेपार्ह वाटत नाही. त्या भागातले बहुसंख्य लोक स्वतःच चर्चला जाणारे आहेत आणि पुष्कळांना ती हवी असते. तिथे आपली अस्वस्थता त्यांच्यावर लादण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. मात्र काम सुरू होण्याआधीच प्रार्थनेचा आग्रह धरला जात असेल, तर मी ती तुकडी सोडीन.

आपली संमती असल्यास हे चारही प्रश्न मी समन्वयकाला आजच लेखी पाठवतो आणि त्यांचे उत्तर इथेच सर्वांसमोर ठेवतो. तोवर कार्यकारिणीने नावे घेऊ नयेत. येऊ इच्छिणाऱ्यांनी दरम्यान धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत घेतली आहे का ते तपासावे, जाड तळव्याचे बूट आणि एन-९५ मास्क जमवावेत. ज्यांना दमा आहे त्यांनी बुरशीच्या घरात शिरू नये. त्यांच्याजोगे कामही आहे: तुकडीच्या कार्यालयात फोन घेणारी आणि कामांच्या नोंदी ठेवणारी माणसेही नेहमीच कमी पडतात.