काडतुसं घरी भरून मामाला पाठवली तर चालतात का?

होटगी रोडकर: माझं बारा बोअरच्या बंदुकीचं लायसन आहे, मामा अक्कलकोटकडं, त्यांचंपण आहे. रिकामी काडतुसं पडून आहेत, छरे दारू आणून घरी भरायची आणि कुरिअरनं पाठवायची असं डोक्यात आहे. लायसन दोघांचं आहे म्हणून विचारालोय.

बाळीवेस: लायसन बाळगायचं आहे की ओ, बनवायचं नाही!

जुना नेमबाज: बरोबर. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ कलम ५, काडतूस बनवायला वेगळं लायसन लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवलं तर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, म्हणजे चार पैसे वाचवायला हे धंदे करू नका. दारूला परत एक्स्प्लोझिव्ह कायदा १८८४ आहेच. कुरिअर तर विसराच, पोस्टातपण स्फोटक वस्तू बंद. दुकानातली काडतुसं मामाला द्यायची असतील तर कलेक्टर किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला मामाचं नाव पत्ता लिहून लेखी कळवायचं, त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. त्यापेक्षा मामांनीच त्यांच्या लायसनवर परवानाधारक दुकानातून घेतलेली बरी, नोंदपण नीट राहते.

होटगी रोडकर: बरं झालं विचारलं. उसात रानडुकरं लई घुसतात, म्हणून घाई होती.

बाळीवेस: मग आधी वनखात्याकडं अर्ज करा. डुकराला मारायलापण परवानगी लागते, लायसन असलं तरी.