भंडारदरा कॅम्पिंग: गाडीत काय काय टाकायचं?

स्नेहल (बी विंग): शनिवारी पहाटे साडेपाचला गेटवर. कसारा घाट, घोटी, शेंडी, मग रतनवाडीची बाजू. तंबू गावातल्या एकांच्या शेतात, त्यांना सांगून ठेवलंय. सामानाबद्दल आत्ताच बोला, आदल्या रात्री अकरा वाजता नको.

मकरंद: मी टपावर लाइट बार बसवून घेतलाय 😎 विंचचं (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायची मोटर) बघतोय.

आपटे काका: स्टेपनीत हवा आहे का?

मकरंद: बघतो काका.

आपटे काका: आधी ते. आणि विंचच्या पैशात हवा भरायचा छोटा पंप आणि प्रेशर गेज घे, वर पैसे उरतील. रस्त्यावर टायरमध्ये 33 PSI हवा ठीक आहे, पण भुसभुशीत मातीत तोच टायर रुततो. 20 पर्यंत उतरवला की पसरतो, जास्त टेकतो, गाडी निघते. साध्या हॅचबॅकलाही फायदा होतो. 15 च्या खाली मात्र नको, ट्यूबलेस रिमवरून सुटतो. डांबरी लागली की आधी हवा भरायची, मग पळवायची. कमी हवेवर टायर तापून फाटतो. पंप चालू असताना इंजिनही चालू ठेवा.

शिंदे वहिनी: काका, आम्ही खड्ड्यात जाणारच नाही.

आपटे काका: वहिनी, खड्डा दिसतो हो. धरणाचं पाणी ओसरलेली जमीन फसवते. वरून खडखडीत, खाली चिखल. उतरून चालत जायचं, टाच मारून बघायची. टाच रुतली तर गाडी तिथूनच मागे. आणि चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. रेटलंत तर गाडी पोटावर बसेल. फावडं घ्या.

मकरंद: स्टेपनीत हवा आहे 👍 जॅक सापडत नाहीये.

शिंदे वहिनी: तो आमच्याकडे आहे. गणपतीत ह्यांनी मांडवासाठी आणला होता 🙈

रोहित: टोइंग बेल्ट माझ्याकडे. मकरंदच्या गाडीच्या टो-बॉलला (मागे ट्रेलर जोडायचा गोळा) लावता येईल.

आपटे काका: टो-बॉलला अजिबात नाही! झटक्यात तुटला तर काच फोडून आत येतो, माणसं गेलीत त्याने. टूलकिटमध्ये हुक असतो, तो बंपरवरच्या छोट्या झाकणामागे बसतो. काही गाड्यांत आटे उलटे असतात, घरीच लावून बघा. ओढताना हळू, झटका नाही. बेल्टवर जाड सतरंजी टाका, म्हणजे तुटला तरी कमी उसळेल. मुलं लांब.

शिंदे वहिनी: सतरंजी माझी नाही हं. बरं, थंडी फार असते म्हणे. मुलं झोपेपर्यंत तंबूत कोळशाची शेगडी ठेवली तर?

मंजिरी (डॉक्टर): नको वहिनी, पाच मिनिटंसुद्धा नको. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतच नाही. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही नको. थंडी खालून येते, म्हणून घोंगडी आधी अंगाखाली, मग वर. हवेची गादी दिसायला छान, पण आतली हवाच गार पडते. फोमची मॅट बरी. जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर पहाटे आतून पाणी टपकेल.

स्नेहल: शेकोटी?

आपटे काका: रतनवाडी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. तिथे आग लावणं गुन्हा आहे. जेवण गावात सांगितलंय ना? त्यांच्या चुलीपाशी बसू.

रोहित: डिझेल घोटीला भरून घ्या. पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा.

शिंदे वहिनी: चहा-साखर मी आणते. छोटा गॅस कोणाकडे आहे?

मंजिरी (डॉक्टर): माझ्याकडे. तोही तंबूबाहेरच पेटवायचा, आधीच सांगते.