ओकोचा: नुसती नजरबंदी की खरंच मोठा खेळाडू?

मिडफिल्डवाला:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. नायजेरियाचा फुटबॉलपटू जे-जे ओकोचा मला कधीच पहिल्या रांगेतला वाटला नाही. जर्मनी, तुर्कस्तान, फ्रान्स, इंग्लंड एवढं फिरला, पण लीगचं विजेतेपद एकदाही नाही. तो संघात असताना 1996 ला जर्मन क्लब फ्रँकफुर्ट खालच्या विभागात घसरलं. इंग्लंडात बोल्टन क्लबकडून प्रीमियर लीगचे 124 सामने, गोल 14. लायबेरियाच्या जॉर्ज वेआकडे 1995 चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब आहे. ओकोचाकडे काय, तर क्लिपा!

ठाण्याचा गूनर:
क्लिपा म्हणे. 1993 ची, फ्रँकफुर्टकडून कार्ल्सरू क्लबविरुद्धची बघितलीये का? समोर गोलकीपर ऑलिव्हर कान. दुसऱ्या कुणीही सरळ मारला असता. याने हूल दिली, कान आडवा. मागून धावत आलेले बचावपटूही हुलीत गेले. कान उठतोय तोवर पुन्हा हूल, पुन्हा आडवा. मग कुठे गोल.

मिडफिल्डवाला:
तेच म्हणतोय. एक गोल, तीस वर्षं पुरवून खाल्लाय.

शनिवाररात्र:
एक? बरं, दुसरा घ्या. एप्रिल 2003, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम, दोघंही तळाला गटांगळ्या खात होते. ओकोचाने स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेतला, धावत सुटला आणि बॉक्सबाहेरून असा हाणला की थेट वरच्या कोपऱ्यात. 1-0. आता हिशेब करा, विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. मोसमाअखेर बोल्टन 44 गुण, वेस्ट हॅम 42, म्हणून वेस्ट हॅम खाली गेलं. तो गोल नसता तर सामना बरोबरीत सुटून बोल्टन 42, वेस्ट हॅम 43. म्हणजे बोल्टन खाली! पुढच्याच मोसमात हाच संघ आठवा आला, लीग कपच्या अंतिम सामन्यात पोचला. ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या उपांत्य फेरीत ओकोचाने फ्री किकवर दोन गोल मारले. आणि देशाकडून 1994 चा आफ्रिका कप, 1996 चं अटलांटातलं ऑलिम्पिक सुवर्ण, ते काय क्लिपांत मिळालं?

फोंडेकर:
गोलच मोजायचे तर नायजेरियाचेच ओडाफा आणि रँटी आमच्या गोव्यात चर्चिल नि डेंपो या क्लबांकडून खेळले, दोघांनी पोत्याने गोल केले. जीव आहे दोघांवर. पण मैदानावरची पोरं नक्कल करतात ती ओकोचाची. टाचेने चेंडू उचलून डोक्यावरून काढायचा, दहातून नऊ वेळा तोंडावर आपटतात. माझा गुडघा त्यातच गेला.

मिडफिल्डवाला:
वेस्ट हॅमचं गणित डोक्यात आलं नव्हतं, ते मान्य. ऑलिम्पिक मात्र मोजू नका, ती तेवीस वर्षांखालच्यांची स्पर्धा.

ठाण्याचा गूनर:
त्याच 'पोरांनी' उपांत्य फेरीत ब्राझीलला आणि फायनलला अर्जेंटिनाला लोळवलं. चालू द्या.