अनुभव धागा: युद्ध चालू असताना अमेरिकेतच राहिलेले फौजी, पुढे झालेले दुकानदार

बेंटनव्हिलकर
आमच्या गावच्या चौकात वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचं जुनं दुकान आहे, तिथंच आता वॉलमार्टचं संग्रहालय. भारतातून कुणी आलं की आम्ही नेतोच. पाहुणे त्यांच्या लाल पिकअप ट्रकपाशी फोटो काढतात. मला मात्र त्यांच्या 1942 ते 45 या वर्षांचं कुतूहल. हृदयाच्या ठोक्यांत किरकोळ दोष निघाला आणि लष्कराने त्यांना लढाईसाठी नापास केलं. मग गुप्तवार्ता विभागात राहून अमेरिकेतच विमान कारखान्यांची आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांची सुरक्षा बघायची. सॉल्ट लेक सिटीत असताना या गृहस्थांनी वाचनालयातली दुकानदारीवरची पुस्तकं वाचून काढली. कॅप्टन होऊन सुटले ते आर्कान्सातल्या न्यूपोर्टला. सासऱ्यांकडून 20,000 डॉलर उसने, पदरचे 5,000 घालून तिथं दुकान घेतलं. पाच वर्षांत दुकान दणक्यात चाललं, पण भाडेकरारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं! जागा गेली, म्हणून ते बेंटनव्हिलला आले आणि वॉलमार्टचं मुख्यालय इथं झालं. नाहीतर आम्ही मंडळी आज न्यूपोर्टात गणपती बसवत असतो.

असे म्हातारे तुम्हीही घरमालक, साहेब, शेजारी म्हणून पाहिले असतील. लिहा.

एडिसनची भाडेकरू
आमचे पहिले घरमालक. विम्याचा धंदा. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या भरतीत सापडले आणि दोन्ही वर्षं न्यू जर्सीतच काढली, फोर्ट डिक्सला, टाइपरायटरपुढे. सुटल्यावर 1952 च्या कायद्याने पूर्णवेळ शिकणाऱ्या अविवाहित माजी सैनिकाला महिना 110 डॉलर मिळत, त्यावर हिशेबाचं शिक्षण घेतलं.

भाडं चेकने दिलं तरी पावती मिळायचीच, कार्बन घालून, स्थळप्रत त्यांच्याकडे. तारखेत आधी दिवस, मग महिना, मग साल. सगळी अमेरिका महिना आधी लिहिते, हे आजोबा आपल्यासारखे कसे, म्हणून विचारलं. म्हणाले, फौजेत असंच लिहायचं, हात वळला तो वळला. युद्धाबद्दल मात्र एकच उत्तर: “ते माझ्या भावाला विचार, तो तिकडे होता.” भाऊ कधी आला नाही, आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

पेडगावचा शहाणा
सरळ सांगा ना, वशिला होता. लोकांची पोरं मरत होती आणि हे टंकलेखन करत होते.

बेंटनव्हिलकर
वशिले कुठल्या फौजेत नसतात? पण दुसऱ्या महायुद्धात एक कोटी साठ लाख अमेरिकन गणवेशात होते आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा देशाबाहेर गेलाच नाही. एवढ्यांना वशिला लावायला मामा तरी किती हवेत! कुणाला कुठं पाठवायचं हे लष्कर ठरवायचं.

ह्यूस्टनकर
आमच्या शेजाऱ्यांची लाकडाची वखार होती. तरुणपणी टेक्सासातच, हर्नच्या छावणीत जर्मन कैद्यांवर पहारेकरी. अमेरिकेत तेव्हा चार लाखांवर युद्धकैदी होते, हर्नला आफ्रिकेच्या वाळवंटातून पकडून आणलेलेही. कैदी शेतांवर राबत, दिवसाला 80 सेंट, तेही कँटीनच्या कुपनांत. माणसं मोजून घेणं, मोजून परत करणं, त्यात गफलत झाली की रात्र गेली. पुढे वखारीत फळ्या मोजताना हा माणूस ओठ हलवत मोजायचा आणि मध्ये बोललात तर पुन्हा एकपासून.

ओहायोची सून
आजेसासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. 1943 पासून व्हर्जिनियात कॅम्प लीला, पुरवठा खात्यात. दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला असे; खिळा, बिजागरी, कडी. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही बरोबर खोकं सापडायचं. ते गेले तेव्हा माजी सैनिकाच्या शवपेटीवर घालायला सरकार देतं तो झेंडा कुणी मागितला नाही. घरचेच म्हणाले, तो कुठं लढला होता? वास्तविक, सन्मानाने सुटलेल्या माजी सैनिकाला झेंड्याचा हक्क असतो, देशातच राहिला असला तरी.

आता माझ्या मुलाला थडग्यावर सरकारकडून मिळणारी ब्राँझची पाटी बसवायची आहे. त्यासाठी सेवामुक्तीचा कागद हवा. सैनिकांच्या फायली असतात त्या सेंट लुईसच्या अभिलेखागारातून उत्तर आलं की त्यांची फाईल आगीत गेली. आता पुढे काय?

एडिसनची भाडेकरू
12 जुलै 1973 ची आग. 1912 ते 1960 या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली तेव्हा गेल्या. पण हाय खाऊ नका, पगाराच्या व्हाउचरसारख्या इतर कागदांवरून नोंद पुन्हा उभी करून देतात, तसा अर्ज टाका. त्याआधी त्यांच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्डरला, कागदपत्रं नोंदवून घेणाऱ्या कचेरीला, फोन लावा. सुटून आलेले बरेच जण तिथं आपला कागद नोंदवून ठेवत. खिळ्याचासुद्धा नमुना बांधून ठेवणाऱ्या माणसाने हा कागद नोंदवला नसेल, हे मला पटत नाही.