मदत हवी आहे: केएमटीसाठी (महापालिकेच्या बससेवेसाठी) जादा पैसे द्याल का, हे कोल्हापूरकरांना विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी छोटी पाहणी करतोय. केएमटीच्या बस वाढवायला घरफाळा थोडा वाढला तर लोक देतील का, एवढंच विचारायचंय.

पहिल्याच दिवशी गंगावेशीच्या थांब्यावर एका काकांना फॉर्म दिला. त्यांनी 'कर' शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "टोल घालवला त्यो ह्यासाठीच व्हय रं?" पुढं वीस मिनिटं टोलच. बीओटीचे (कंपनीनं बांधून टोलमधून खर्च वसूल करायचे) रस्ते, ३० वर्षांची वसुली, एन. डी. पाटील सरांचे मोर्चे, २०१४ ला पेटलेले नाके, २०१५ अखेर टोल रद्द. (मी तेव्हा प्राथमिक शाळेत!) प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. आणि हे सगळं सांगताना काका केएमटीचीच वाट बघत होते. शेवटी वडापात (खासगी शेअर गाडीत) बसून गेले.

मग प्रश्न बदलला: 'दर पंधरा मिनिटाला बस आली तर वर्षाला थोडे पैसे जास्त द्याल का?' लगेच बरेच जण हो म्हणायला लागले. आता मार्गदर्शक मॅडम म्हणतात, हा प्रश्न लोकांच्या तोंडून 'हो' काढून घेतोय. पटतंय. पण इथं 'कर' लिहिलं की लोक वाचायच्या आधीच नाही म्हणतात, त्याचं काय?

कुणी अशी पाहणी केली असेल तर सांगा. शिवाय ज्यांच्या दारात दोन-दोन दुचाक्या आहेत, ज्यांनी वर्षात तिकीट काढलेलं नाही, त्यांचं मत वेगळं मोजू का?

प्रतिसाद: दोन्ही प्रश्न छापा. गठ्ठ्यात फॉर्म आलटून पालटून लावा आणि वरचा येईल तो द्या, तोंड बघून निवडू नका. दोन्हींतला फरक हाच तुमचा निष्कर्ष. दुचाकीवाले वेगळेच मोजा. स्टॉकहोमचंही वाचा. तिथं २००६ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक कर होता. आधी विरोध जास्त, पण सप्टेंबरच्या सार्वमतात शहरानं थोडक्या फरकानं होकार दिला. जादा बस मात्र २००५ मध्येच, कराच्या आधी सोडल्या होत्या. आणि पैसा फक्त बसवरच खर्च होईल याची खात्री वाटते का, हेही विचारा. आपल्याकडं खरी मेख तिथंच आहे.

धागाकर्ता: आभारी आहे. उद्याच झेरॉक्स काढतो. काका परत भेटले आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा 'कर'वालाच फॉर्म आला तर मात्र अवघड आहे.